शेरा

भरती सरून ओहोटी लागण्याआधी
चाळीस मिनिटं पाणी उभं राहतं.
तेवढीच आमची.
बाकी सगळा वेळ
जहाजावर चहा आणि पत्ते.

लोस्टॉफ्टपासून पूर्वेला, तीन तास.
वर पाती फिरतायत, त्यांच्याकडे आता
कुणी मान वर करून बघत नाही.
माझं काम खाली. पण मी खाली जात नाही.
डेकवरच्या बिनखिडकीच्या लोखंडी डब्यात
मांडीवर कांडी घेऊन बसते
आणि यंत्राला पाठवते एकतीस मीटर.
त्याचे दिवे. दिव्यांत तरंगणारा कोंडा.
मग एकदम समोर खांब,
शिणाण्यांनी लगडलेला.

खांबाच्या पायाशी एक भोक.
तिथून वीज बाहेर पडते आणि वाळूत शिरते.
मधली आठ-दहा हात जागा उघडी,
म्हणून केबलला घातलेलं काळं कवच,
एकात एक अडकवलेले मणके,
वाकेल पण मोडणार नाही असं,
निदान कागदावर.
मी मणके मोजते. लेशेक फॉर्म भरतो:
मणके, सगळे. दगडांची भर, जागेवर.
वाळू खचलेली, वीत-दीड वीत.
कवचाखाली एक कुर्ली, तिला रकाना नाही.
शेरा: ठीक.

सत्तेचाळीस नंबरला चार वर्षांत
चारही वेळा ठीक.

बाबा विचारतात, लेप आहेत का गं अजून?
केबलचं नाही विचारत.
याच तळावर गूडरमची बोट
अडतीस वर्षं जाळं ओढत राहिली
आणि गूडरमनं तळ एकदाही पाहिला नाही.
दोराला हात लावून सांगायचे,
आता वाळू. आता खडे.
आता काहीतरी जुनं, लाकडाचं, जाळं उचला.
बोट विकली. हात मात्र
जेवताना अजून टेबलाच्या कडेवर तसाच असतो,
घर कुठेतरी ओढलं जात असल्यासारखा.

मी त्यांना चित्रफीत दाखवली.
चष्मा पुसून दोनदा पाहिली.
लेपानं वाळू झटकली तेव्हा हसले.
मग म्हणाले, हे कधीचं?
म्हटलं, पाणी उभं असतानाचं, तेव्हाच दिसतं.
"झोपलेला माणूस लंगडा आहे का,
कसं सांगणार तू?"
एवढं बोलून मटार वाढून घेतले.

मंगळवारी, सत्तेचाळीसला,
चाळीस मिनिटं संपली.
यंत्र वर घ्यायचं. मी घेतलं नाही.
दगडांच्या आडोशाला बसवून ठेवलं.
लेशेकनं घड्याळ पाहिलं, मला पाहिलं,
उठून दार लावून घेतलं.

कोंडा आधी रेंगाळला, मग आडवा धावू लागला.
समुद्रफुलं एका अंगाला कलली.
कुर्ली केव्हाच गेली होती,
तिला वेळापत्रक पाठ.
आणि कवच
(आधी वाटलं कॅमेराच हलतोय)
कवच एका दगडावरून अंगठाभर सरकलं.
थांबलं.
परत आलं.
पुन्हा.
तिथे दगडावर शेवाळ नव्हतं,
घासून घासून पांढरा पडलेला, उंबऱ्यासारखा.
चार वर्षं मी त्याला
माझ्याच दिव्याचा डाग समजत होते.

वर पाती फिरत होती.
किनाऱ्यावर कुणाची तरी किटली शिट्टी देत असणार.
कांडीला काही कळत नाही, ती गुळगुळीत आहे.
मी टेबलाची कड धरली.

काय लिहू, लेशेकनं विचारलं.
लिही: हलतं.

दोन दिवसांनी ऑफिसातून फोन.
हलतं म्हणजे किती? मिलिमीटरमध्ये सांगा.
रविवारी जेवताना मी पट्टी घेऊन
बाबांचा अंगठा मोजला. चोवीस.
त्यांनी हात तसाच राहू दिला,
कशाला ते विचारलं नाही.
लेपांचं विचारलं.